सात चौकटी, चौदा पाय: मल्टी टूलच्या ब्लेडांचा एका कामातला हिशोब

सदाशिव पेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये दुपारी दोनला कामाला हात घातला आणि चारला मीच थांबायला सांगितलं. दोन तासांत दारांच्या चौकटींचे २ पाय कापून झाले होते, १२ राहिले होते आणि २० ब्लेडच्या पाकिटातली ७ ब्लेडं संपली होती. मिस्त्रींनी सातवं ब्लेड मशीनवरून काढलं, अंगठ्याने दात चाचपले आणि म्हणाले, "ताई, हीच चाल राहिली तर अजून दोन पाकिटं मागवा."

घरांची दुरुस्ती आणि नूतनीकरण हा माझा व्यवसाय. सुतार, गवंडी, इलेक्ट्रिशियन यांना घेऊन जुन्या घरांची कामं करते. मल्टी टूल, म्हणजे टोकाला लावलेलं ब्लेड थरथरवून कापणारं हातातलं मशीन, माझ्याकडे सहा वर्षं आहे. मशीन एकदाच घेतलं, ब्लेड मात्र जवळजवळ दर कामाला लागतं, आणि माझ्या वहीप्रमाणे ब्लेडांवर झालेला खर्च मशीनच्या किमतीला केव्हाच मागे टाकून पुढे गेलाय. म्हणून या कामात प्रत्येक ब्लेडचा हिशोब ठेवायचा असं मी ठरवलं होतं. तोच हिशोब इथे सविस्तर मांडते आहे. काही आकडे माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले, तेही तसेच देते.

काम काय होतं

इमारत १९८०च्या दशकातली. घरात जुनी मोझॅक लादी होती. ती न फोडता तिच्यावरच नवीन टाइल चिकटवायची होती. घरात निवृत्त काका-काकू राहतात आणि काम चालू असताना ते घर सोडून कुठे जाणार नव्हते, त्यामुळे फोडाफोड शक्य तेवढी टाळायची होती. काकांची अट एकच: टाइल चौकटीच्या आकाराने कापून भोवती बसवायची नाही, चौकटीच्या खाली सरकवायची. मला ती अट मनापासून पटली. भोवती कापलेल्या टाइलची फट व्हाइट सिमेंटने भरतात. ते दोन पावसाळ्यांत सुटतं, काळं पडतं, आणि लादी पुसताना रोज तिथून पाणी लाकडात मुरतं.

टाइल ९ मिमीची, खाली चिकटवायचा मसाला ३ ते ४ मिमी. म्हणजे जुन्या लादीपासून १३ मिमीवर चौकटीचा पाय आडवा कापायचा आणि खालची चकती पटाशीने काढून टाकायची. पाय कापला तर चौकट लोंबकळेल अशी काकूंना भीती होती. चौकट भिंतीत होल्डफास्टांवर, म्हणजे भिंतीत पुरलेल्या लोखंडी पट्ट्यांवर, धरलेली असते, पायावर उभी नसते. तरी प्रत्येक चौकट आधी हलवून पाहिली. सातही घट्ट होत्या.

पाय चार इंच बाय अडीच इंचांचे, सगळे जुने सागवान. इतक्या खाली, भिंतीला लागून, हाताची करवत आडवी चालवायला जागाच मिळत नाही. मार्बल कटर कोपऱ्यापर्यंत पोचत नाही आणि घरभर धूळ करतो. अशा जागी मल्टी टूलला पर्याय नाही.

मशीन कसं कापतं ते आधी

हे लक्षात घेतल्याशिवाय ब्लेड का मरतं ते कळत नाही. हात मोडल्यावर प्लास्टर काढायला डॉक्टर जे घरघरणारं यंत्र वापरतात, ते आठवा. जर्मनीतल्या फाइन कंपनीने १९६७ साली प्लास्टर कापायला असं झोके घेणारं यंत्र आणलं, आणि आजचं मल्टी टूल त्याच चालीवर चालतं. त्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कातडी त्या थरथरीबरोबर हलते म्हणून कापली जात नाही. प्लास्टर हलत नाही, म्हणून ते कापलं जातं.

माझं मशीन ३०० वॅटचं. मिनिटाला ८,००० ते २०,००० झोके, आणि प्रत्येक झोका मधल्या रेषेपासून दोन्हीकडे १.४ अंशांचा. मशीनमधल्या ज्या दांड्यावर ब्लेड बसतं, त्याच्यापासून ब्लेडचे दात साधारण ८० मिमीवर असतात. हिशोब केला तर दात एका बाजूला जेमतेम २ मिमी सरकतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत ४ मिमी. हाताच्या करवतीचा एक हात दीड फुटाचा असतो, आणि दातांमधल्या खाचा भुसा भरून घेऊन तो कापाच्या बाहेर नेऊन टाकतात. इथे ४ मिमीच्या चालीत भुसा बाहेर जाणार कसा? तो कापातच राहतो. मशीन सरळ आत दाबत राहिलं की भुसा चेपतो आणि दात लाकडाऐवजी त्या भुशावर घासत बसतात. त्यातून धूर निघतो, लाकूड काळं पडतं आणि दात तापतात.

पहिल्या दिवशी आम्ही नेमकं हेच केलं होतं. वेग पूर्ण ठेवलेला, अंगाचा भार मशीनवर.

सात मेलेली ब्लेडं

संध्याकाळी सातही ब्लेडं वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. काकांना तिकिटं जमवायचा छंद आहे, त्यांनी आपलं भिंग आणून दिलं. भिंगाखाली जे दिसलं त्याने पुढचं सगळं काम बदललं.

चार ब्लेडांचे दात सारखे झिजून गोल झाले होते. रंग बदललेला नव्हता, उलट टोकं घासल्यासारखी चकाकत होती. ही सिमेंटने मारलेली. चौकटीच्या मागच्या बाजूला गिलावा लाकडाला येऊन भिडलेला असतो, आणि खाली लादी बसवताना सांडलेल्या सिमेंटचा थर असतो. गिलाव्यात वाळू, वाळूत क्वार्ट्झ. खनिजांच्या कडकपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७वर येतं, चांगलं कडक केलेलं पोलाद साधारण साडेसहावर. म्हणजे वाळू दातांना घासते, दात वाळूला घासू शकत नाहीत. कापाच्या शेवटच्या सेंटिमीटरला ब्लेड गिलाव्यात शिरायचं, आणि तिथले काही सेकंद आधीच्या दहा मिनिटांपेक्षा महाग पडायचे.

दोन ब्लेडांचे एका कोपऱ्यातले तीन-चार दात सपाट झाले होते, एकाचा एक दात पूर्ण गेला होता. हे खिळ्यांचं काम. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट झाकणारी लाकडी पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकलेली होती, आणि चाळीस वर्षांत त्यांच्यावर पॉलिशचे इतके थर चढले होते की एकही खिळा दिसत नव्हता.

सातव्या ब्लेडचे दात निळे पडले होते. लोहाराकडे कधी उभं राहिलेल्याला हा रंग माहीत असतो. साधं कार्बन पोलाद दोनशे-सव्वादोनशे अंशांना गवताच्या काडीसारखं पिवळसर होतं आणि तीनशेच्या आसपास निळं. तोवर त्याची कडक धार मऊ पडलेली असते, आणि ब्लेड थंड झालं तरी ती परत येत नाही. याला मारलं ते आमच्या दाबाने.

सातांपैकी एकही ब्लेड निव्वळ लाकडाने संपलं नव्हतं. सागवानात मुळातच थोडी सिलिका असते, त्यामुळे ते इतर लाकडांपेक्षा धार लवकर खातं, सुतारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण तो हळूहळू होणारा परिणाम. आमची ब्लेडं चौदा-पंधरा मिनिटांत जात होती, आणि ती लाकडामुळे जात नव्हती. जे दिसत होतं त्यासाठी आम्ही ब्लेड निवडलं होतं, आणि ते मरत होतं ते लाकडाच्या आत आणि मागे दडलेल्या गोष्टींमुळे.

बोहरी आळीत

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींना घेऊन रविवार पेठेत बोहरी आळीला गेले. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे खरं, पण ब्लेड हातात घेऊन, उजेडात फिरवून बघायचं असेल तर दुकानच हवं. मुंबईकरांना त्यासाठी नागदेवी स्ट्रीट आहे.

पाकिटावरच्या अक्षरांचा अर्थ कळला की अर्धं काम होतं. एचसीएस म्हणजे साधं उच्च-कार्बन पोलाद. स्वस्त पाकिटांत बहुधा हेच असतं. हे लवचीक असतं, नवं असताना धारही छान, पण तापलं की संपलं. बीआयएम म्हणजे बाय-मेटल: अंग लवचीक पोलादाचं, आणि दातांची पट्टी हाय-स्पीड स्टीलची, वेल्डने जोडलेली. हाय-स्पीड स्टील सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत आपला कडकपणा धरून ठेवतं. त्यामुळे लाकूड कापताना येणारी उष्णता त्याला मारत नाही, आणि एखाददुसरा मऊ खिळाही ते सोसतं. तिसरं कार्बाइड: टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले, आणि त्याचे दात ब्लेडच्या टोकाला एकेक करून जडवलेले. वाळूपेक्षा हे बरंच कडक असतं. पण ठिसूळ. अडकून हिसका बसला तर दात झिजत नाही, तुटून पडतो. आणि चौथं ग्रिटवालं, ज्याला दात नसतातच. काठावर कार्बाइडचे किंवा हिऱ्याचे कण चिकटवलेले असतात आणि ते कापण्याऐवजी घासत जातं. गिलावा, टाइलमधला ग्राउट, टाइलचा मसाला यांच्यासाठी हे असतं.

दुकानदाराने आधी सोनेरी ब्लेड पुढे केलं. "टायटॅनियम आहे, ताई." सोनेरी रंग असतो टायटॅनियम नायट्राइडच्या लेपाचा, आणि तो लेप काही हजारांश मिलिमीटर जाडीचा. घर्षण थोडं कमी होतं, ते खोटं नाही. पण लेपाखाली काय आहे हा खरा प्रश्न. साध्या पोलादावरचा सोनेरी लेप दातांच्या टोकांवरून आधी जातो, आणि मग राहतं ते साधं पोलादच. म्हणून मी रंग बघत नाही, दातांच्या मागची रेघ बघते. बाय-मेटल ब्लेड उजेडात तिरकं धरलं की दातांच्या मुळाशी, काठाला समांतर, जोडाची बारीक रेघ दिसते. कधी पट्टीची छटाही वेगळी असते. पूर्ण रंग दिलेलं ब्लेड असेल तर रेघ लपते. मग मिस्त्रींची कसोटी: शेवटच्या दातावर बारीक कानस एकदा हलकेच फिरवायची. साध्या पोलादाला कानस धरते, हाय-स्पीड स्टीलवरून ती घसरते. विकत घेण्याआधी दुकानदार हे करू देईलच असं नाही. आम्ही एक ब्लेड विकत घेऊन, पाकीट फोडून, काउंटरवरच करून पाहिलं. कानस घसरली. मग दुसरं घेतलं.

आणखी एक गोष्ट बघायची असते, आणि तीच बहुतेक वेळा विसरली जाते: ब्लेड मशीनवर बसतं कसं. फाइन आणि बॉश यांनी मिळून २०१६ मध्ये स्टारलॉक ही पकड आणली. तिचं ब्लेड सपाट नसतं, वाटीसारखं खोलगट असतं आणि दाबलं की खटकन बसतं. साधं स्टारलॉक ब्लेड स्टारलॉक प्लस आणि मॅक्स या जास्त ताकदीच्या मशीनवरही बसतं. उलट मात्र चालत नाही: मॅक्सचं ब्लेड साध्या स्टारलॉक मशीनवर बसणार नाही. जुन्या पद्धतीच्या, स्क्रूने आवळायच्या मशीनची सपाट, उघड्या खाचेची ब्लेडं वेगळी. पकडीत जरासा जरी खेळ राहिला, तरी ४ मिमीच्या चालीतला मोठा भाग तिथेच वाया जातो. मशीन खडखडतं, ब्लेड कापत नाही, आपण आणखी दाबतो, आणि दात निळे पडतात. स्वस्त ब्लेड घेताना पोलादाच्या प्रतीइतकंच त्याचं भोक नीट कापलेलं आहे का ते पाहावं.

आम्ही घेतलं ते असं. बाय-मेटल, ३२ मिमी रुंद, दोन, प्रत्येकी ४६० रुपये. कार्बाइड दाताचं एक, १,२५० रुपये. कार्बाइड ग्रिटचं एक, ७०० रुपये. आधीचं पाकीट ९०० रुपयांना २० ब्लेडं, म्हणजे एक ४५ रुपयांना पडलं होतं. ३२ मिमी रुंदीची ब्लेडं मागाल तेव्हा मानेपाशी पायरीसारखी वाकवलेली मागा. सरळ ब्लेडला मशीनचं डोकं लादीला टेकतं आणि ब्लेड लादीला समांतर चालतच नाही.

दुसरा दिवस

पद्धत पूर्ण बदलली. आधी वाट साफ करायची, लाकूड नंतर.

काकांनी एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क उघडून तिच्यातलं चुंबक काढून दिलं. ती चुंबकं आकाराने लहान पण ताकदीची असतात. ते दोऱ्याला बांधून पायाच्या चारही बाजूंनी, कापायच्या रेषेवरून हळूहळू फिरवलं. पॉलिशखाली खिळा असला की चुंबक ओढून घेतल्यासारखं चिकटतं. सापडलेल्या जागेवर पेन्सिलने फुली. बाजूची पट्टी सोडवून काढता आली तिथे खिळे तिच्याबरोबरच पकडीने उपटले. १२ पायांपैकी ८ पायांची रेषा अशी पूर्ण मोकळी झाली. उरलेल्या ४ पायांत, त्यांतले २ बाथरूमच्या दाराचे, खिळे खोल होते आणि डोकी गंजून गेली होती. ते उपटायला गेलो असतो तर सागवान चिरलं असतं.

मग ग्रिटवालं ब्लेड लावून लाकडाच्या मागचा गिलावा ४-५ मिमी रुंदीत घासून काढला, म्हणजे लाकूड कापणारं ब्लेड आरपार गेलं तरी त्याला पलीकडे हवाच लागावी. खाली सांडलेला सिमेंटचा थर पटाशीने उडवला, त्यासाठी जुनी, बोथट पटाशी ठेवली आहे. एका पायाला ही तयारी १० मिनिटांची. या वेळी सगळ्यांच्या तोंडावर एन-९५ मास्क होते आणि व्हॅक्यूमची नळी काकांनी स्वतः ब्लेडजवळ धरली होती. गिलाव्याच्या या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. तिथे मी कुणालाही सूट देत नाही.

उंची धरायला नवीन टाइलचा तुकडा आणि वर ४ मिमीची प्लायची पट्टी लादीवर ठेवायची आणि ब्लेड तिच्यावर निजवून चालवायचं. आता भार टाकायचा नाही. आधी ब्लेडच्या एका कोपऱ्याने बारीक खाच पाडायची, मग मशीन डावीकडे-उजवीकडे सावकाश सरकवत राहायचं, म्हणजे दात त्याच जागी चेपलेल्या भुशावर घासत बसत नाहीत. दर अर्ध्या मिनिटाला ब्लेड बाहेर काढून भुसा झटकायचा. मोकळ्या लाकडाला वेग वरचा, खिळा लागणार असेल तिथे मधल्याहून कमी. दाताला मेण लावायची सूचना मिस्त्रींनी केली, एरवी ते चालतं. इथे नको म्हटलं, कारण कापलेल्या तोंडाला नंतर इपॉक्सी (पाणी अडवणारा लेप) लावायची होती आणि मेणावर ती धरली नसती.

पहिले दोन मोकळे पाय मुद्दाम त्याच ४५ रुपयांच्या ब्लेडांनी कापले. मला जाणून घ्यायचं होतं. एका ब्लेडमध्ये एक पाय पूर्ण झाला, दोन्ही वेळा. काल साडेतीन ब्लेडं लागत होती तिथे आज एक. शेवटच्या तिसऱ्या भागात ते मंदावलं, कडा किंचित काळी झाली, आणि एका पायाला कापाची रेष एक मिलिमीटरने वर चढली. वेळ लागला प्रत्येकी २५ मिनिटं.

मग बाय-मेटल. पहिला पाय १४ मिनिटांत, कडा स्वच्छ. त्याच एका ब्लेडने ६ पाय झाले. सहाव्याला ते थकल्याचं आवाजावरून कळलं, पण पाय पूर्ण झाला. दुसरं बाय-मेटल ब्लेड उघडावं लागलं नाही.

खिळेवाल्या ४ पायांना कार्बाइड. खिळा लागला की आवाज पातळ, चिरका होतो. तिथे वेग कमी करून ब्लेड नुसतं टेकवून ठेवायचं आणि त्याला त्याचं काम करू द्यायचं. सरासरी १८ मिनिटं लागली. चारही पाय झाल्यावर भिंगाखाली दात बघितले, सगळे जागेवर होते.

हिशोब

मिस्त्रींचा रोज १,२०० रुपये, आठ तासांचा. म्हणजे मिनिटाला अडीच रुपये. हा आकडा धरल्याशिवाय ब्लेड स्वस्त की महाग हे ठरवताच येत नाही, आणि घरी स्वतः काम करणाऱ्यांनीही आपल्या वेळेची काहीतरी किंमत धरावी.

पहिल्या दिवशी एका पायाला साडेतीन ब्लेडं म्हणजे १५७ रुपये ५० पैसे, आणि निव्वळ कापायची ५० मिनिटं म्हणजे १२५ रुपये. एकूण २८२. वाट साफ केल्यावर त्याच स्वस्त ब्लेडने एक पाय पडला ४५ अधिक २५ मिनिटांचे साडेबासष्ट, म्हणजे साधारण १०८ रुपये. बाय-मेटलने ४६० भागिले ६, म्हणजे ७७, अधिक १४ मिनिटांचे ३५, म्हणजे ११२ रुपये. दोन्हींत वर तयारीचे ८३ रुपये धरायचे: १० मिनिटांची मजुरी २५, आणि ग्रिट ब्लेडची किंमत १२ पायांवर वाटली तर ५८.

हा आकडा मी तीनदा तपासला. मोकळ्या सागवानात ४५ रुपयांचं ब्लेड आणि ४६० रुपयांचं ब्लेड पायामागे जवळजवळ सारखंच पडतं. माझी इतक्या वर्षांची समजूत होती की महाग ब्लेड शेवटी स्वस्तच पडतं. या कामात मोठी बचत झाली ती वाट साफ करण्यातून, ब्लेड बदलण्यातून नाही. तरीही मोकळ्या लाकडाला मी पुढेही बाय-मेटलच वापरीन, कारण कापाची रेष सरळ राहिली, कडा जळली नाही, आणि मिस्त्रींच्या मनगटांना पायामागे ११ मिनिटं कमी थरथर बसली. ही शेवटची गोष्ट वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण त्यांच्या वयाला ती मोठी आहे.

कार्बाइडचं गणित वेगळं. ४ पायांवर वाटलं तर ब्लेडचेच पायाला ३१२ रुपये, म्हणजे सगळ्यांत महाग. ते ब्लेड मी पुढे दुसऱ्या एका घरी आणखी ५ पायांना वापरलं, तिथेही खिळे होतेच. ९ पायांवर वाटल्यावर तो आकडा १३९वर आला. दोन दात आता तुटले आहेत, बाकीचे कापतात. खिळे असलेल्या जागी स्वस्त ब्लेडची तुलनाच होत नाही, तिथे ते एका खिळ्यात जातं.

पूर्ण कामाची बेरीजही मांडते. पहिल्या दिवसाच्या चालीने १४ पाय कापले असते तर ४९ ब्लेडं, २,२०५ रुपये, आणि ७०० मिनिटांची मजुरी १,७५०, मिळून ३,९५५. प्रत्यक्षात झालं ते असं: ९ स्वस्त ब्लेडं ४०५, बाय-मेटल ४६०, कार्बाइड १,२५०, ग्रिट ७००, म्हणजे ब्लेडांचे २,८१५, आणि तयारीसह ४२६ मिनिटं, १,०६५ रुपये. एकूण ३,८८०. कागदावर फरक ७५ रुपयांचा. पण त्या ३,८८०मधली कार्बाइड आणि ग्रिटची ब्लेडं काम संपल्यावरही पेटीत जिवंत होती, आणि चार तासांहून जास्त वेळ वाचला होता.

यावरून कुणी काय घ्यावं? घरात वर्षातून एखादं काम करणाऱ्याला मी कार्बाइड घ्यायला सांगणार नाही. स्वस्त पाकीट, एक ग्रिटचं ब्लेड आणि एक चुंबक एवढ्यावर भागतं, फक्त घाई करायची नाही. ज्यांचा हाच धंदा आहे त्यांनी पाकिटांवर पैसे घालण्यापेक्षा दोन बाय-मेटल आणि एक कार्बाइड पेटीत ठेवावं. फायबर सिमेंटचे बोर्ड आणि एमडीएफ कापणाऱ्यांची गोष्ट निराळी, ही दोन्ही साध्या पोलादाची धार फार लवकर खातात, तिथे सरळ कार्बाइड. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना मात्र कुठल्याही ब्लेडने हात लावू नका. त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं.

उरलेली ब्लेडं

पाकिटातली ११ नवी ब्लेडं वाया गेली नाहीत. पीव्हीसी पाइप, जिप्समचं छत, सिलिकॉनचे जुने थर, मऊ प्लायमधल्या बोर्डाच्या खाचा, यांना तीच पुरतात, आणि तिथे बाय-मेटल वापरणं म्हणजे पैसे उधळणं.

मेलेल्या सातांपैकी गोल झालेली चार मिस्त्रींनी घरी नेली. त्यांच्या वडिलांचं करवतीला दात पाडून द्यायचं काम होतं, आणि ते काम त्यांच्या हातात अजून आहे. ब्लेड दोन लाकडी पट्ट्यांत शिकंज्यात धरून, बारीक तिकोनी कानशीने प्रत्येक खाच दोन-तीन घावांत खोल केली, मग दात एकाआड एक किंचित डावी-उजवीकडे वाकवले. एका ब्लेडला सात मिनिटं. नव्याइतकं नाही, पण सॉफ्टवुड आणि प्लायला ते चांगलं चाललं. हे फक्त साध्या पोलादाला जमतं. निळ्या पडलेल्यालाही दात पडतात, पण टिकत नाहीत. बाय-मेटलवरून कानस घसरते, कार्बाइडला हिऱ्याची कानस लागते आणि ते कष्ट परवडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी चौदाही पायांच्या कापलेल्या तोंडांना, आरशाच्या तुकड्यात बघत, इपॉक्सीचे दोन हात दिले. लाकडाचं आडवं कापलेलं तोंड स्ट्रॉच्या जुडीसारखं पाणी वर ओढतं, आणि इथे ते उघडं ठेवलं असतं तर सगळ्या कापाकापीचा उपयोग नव्हता. चौथ्या दिवशी गवंड्याने बाथरूमच्या दारातली पहिली टाइल मसाल्यावर ठेवून आत ढकलली. ती चौकटीखाली अडकल्याशिवाय सरकली आणि वर एक मिलिमीटरची फट राहिली. काकूंनी वाकून तीत आपल्या पोस्टकार्डाचा कोपरा घालून बघितला, आणि मग सिलिकॉन भरायला सांगितलं.